वनड्राइव्हचा फोल्डर बाहेरच्या हार्डडिस्कवर

लॅपटॉपची सी ड्राइव्ह वनड्राइव्हच्या (मायक्रोसॉफ्टची फाइल्स क्लाउडवर ठेवणारी सेवा) फाइल्सनीच भरत असेल तर फोल्डर बाहेरच्या हार्डडिस्कवर हलवता येतो, विंडोजवर असं करा.

१. डिस्कचा फॉरमॅट (फाइल्स साठवायची पद्धत) एनटीएफएस हवा, एक्सफॅट चालत नाही. फॉरमॅट करताना आतलं सगळं जातं, आधी कॉपी काढा.
२. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन डिस्कला एक्स किंवा वाय असं ड्राइव्ह लेटर (सी ड्राइव्हमधल्या सीसारखं अक्षर) द्या, हे नक्की करा, नाहीतर दुसरा पेनड्राइव्ह लावला की लेटर बदलू शकतं आणि वनड्राइव्हला फोल्डरच सापडत नाही.
३. वनड्राइव्ह सेटिंग्जमधून लॅपटॉप अनलिंक करा (खात्यापासून तोडा), वनड्राइव्हचा फोल्डर डिस्कवर हलवा, परत साइन-इन करताना चेंज लोकेशनमध्ये तोच फोल्डर दाखवा.

डिस्क काढायच्या आधी वनड्राइव्ह बंद करा. आणि हा बॅकअप नाही हं, इथली फाइल डिलीट केली की क्लाउडवरूनही जाते.