फायबर बोटीतलं लाकूड का कुजतं? दुरुस्तीत या चुका टाळा

बोटीची मागची पाटी, म्हणजे ट्रान्सम, फायबरच्या दोन थरांमध्ये लाकूड घालून केलेली असते. ती बाहेरून धडधाकट दिसते आणि आत लाकडाचा भुसा झालेला असतो. मोटरला जोर दिला की पाटी लवते, कोपऱ्यांत जेलकोटला, म्हणजे बाहेरच्या गुळगुळीत रंगीत लेपाला, बारीक तडे जातात, बोल्टच्या भोकातून तपकिरी पाणी ओघळतं. 2019 आणि 2021 च्या महापुरात बोटीवर किती जीव विसंबून असतात, हे करवीर-शिरोळच्या गावांना सांगायला नको. म्हणून पुरासाठी ठेवलेली बोट फेब्रुवारी-मार्चमध्येच तपासा. जूननंतर उघडलेलं लाकूड आपल्याकडच्या हवेत वाळतच नाही.

तपासणी सोपी आहे. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने दर दोन इंचांवर ठोका. चांगल्या जागी टणक आवाज येतो, सुटलेल्या किंवा कुजलेल्या जागी बद्द. मग आतल्या बाजूने 5 मिमीचं भोक पाडा, बाहेरच्या थराला धक्का लावू नका. भुसा कोरडा आणि फिका निघाला तर ठीक. काळपट, ओला, आंबूस वासाचा निघाला तर तो भाग काढावाच लागतो.

पातळ रेझिन सोडून भागवणं

कुजलेल्या लाकडात भोकं पाडून इपॉक्सी (हार्डनर मिसळून घट्ट होणारं रेझिन) ओतायचं आणि मोकळं व्हायचं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ओल्या लाकडाच्या छिद्रांत पाणी आधीच बसलेलं असतं, रेझिनला जागाच मिळत नाही. बुरशीने खाल्लेल्या तंतूंची ताकदही परत येत नाही. आतला फायबरचा थर कापा आणि चांगलं लाकूड लागल्यावरही आणखी दोन-तीन इंच पुढे जा.

प्लाय निवडताना

टिंबर मार्केटमध्ये 'वॉटरप्रूफ' म्हणून जे दाखवतात ते बहुतेकदा आयएस 303 या भारतीय मानकाचं बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्याला काही वेळच टिकणारं, असतं. किचनच्या ट्रॉलीला ते चालेल, ट्रान्समला नाही. शिक्का आयएस 710 चा, म्हणजे मरीन प्लायचा, पाहा. त्याचा डिंक 72 तास उकळण्याच्या चाचणीत टिकावा लागतो. बीडब्ल्यूआरला हीच चाचणी 8 तासांची असते. तरीही मरीन प्लाय न कुजणारं असतं असा समज करून घेऊ नका. त्याचे थर सुटत नाहीत एवढीच ती हमी. शीट घेताना कापलेली कड डोळ्यांसमोर धरून बघा. मधल्या थरांत पोकळी दिसली तर ती शीट घेऊ नका, कारण पाणी त्याच पोकळीतून पुढे सरकतं.

मोटर जिथे बसते तिथे 18 मिमीचे दोन प्लाय इपॉक्सीने चिकटवून 36 मिमी करणं योग्य. डेकला मात्र एवढं वजन कशाला? तिथे एंड-ग्रेन बाल्सा (तंतू उभे राहतील असे कापलेले हलक्या लाकडाचे तुकडे) किंवा पीव्हीसी फोम पुरतो, पण क्लीट (दोर बांधायची खुंटी), रेलिंग असं जे जे बोल्टने बसतं त्याखाली प्लायचाच तुकडा हवा, नाहीतर बोल्ट आवळताच गाभा, म्हणजे थरांमधलं लाकूड किंवा फोम, दबतो. बाल्साच्या चिरा रेझिनने पूर्ण भरा. रिकामी चीर म्हणजे पाण्याला पाट काढून दिल्यासारखं आहे.

सागवान दर्जेदार लाकूड असलं तरी त्यातल्या तेलामुळे रेझिन नीट धरत नाही. इथे ते टाळलेलंच बरं.

लेप चुकीच्या वेळी देणं

लाकडातला ओलावा 12 टक्क्यांच्या खाली असू द्या. ओलावा मोजायचं मीटर सहज मिळतं. पहिला लेप सकाळी उन्हात दिला की लाकूड तापतं, आतली हवा फुगते आणि लेपात बुडबुडे-छिद्रं पडतात. त्याच छिद्रांतून पुढे पाणी शिरतं. म्हणून तापलेलं लाकूड सावलीत आणा आणि संध्याकाळी, ते निवत असताना लेप द्या. हवा आक्रसते आणि रेझिन आत ओढलं जातं. कडांना जास्त रेझिन लागतं. ते शोषणं थांबेपर्यंत, साधारण तीन लेप द्या. रेझिन ॲसिटोनने पातळ करू नका, ते आत अडकलं की रेझिन कच्चं राहतं.

पॉलिस्टर, म्हणजे फायबरच्या कामातलं नेहमीचं रेझिन, स्वस्त आहे, पण लाकडावर त्याची पकड इपॉक्सीइतकी नसते. गाभा सील करायला आणि चिकटवायला इपॉक्सीच वापरा. त्याबरोबर नेहमीची चॉप्ड मॅट (काचतंतूंच्या तुकड्यांची चटई) घेऊ नका. तिचे तंतू धरून ठेवणारा बाइंडर पॉलिस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही. विणलेलं कापड घ्या. इपॉक्सी वाळल्यावर वर मेणासारखा थर येतो. तो आधी साध्या पाण्याने घासून धुवा, मगच 80 नंबरचा पेपर मारा. इपॉक्सीवर जेलकोट नीट धरत नाही, टू-पॅक पीयू (दोन भाग मिसळून लावायचा पॉलियुरेथेन) रंग द्या.

पॉलिस्टर वापरणारच असाल तर हार्डनर किलोला 10 ते 20 ग्रॅम, वजन करूनच. हार्डनर आणि कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात ते द्रव) कधीही थेट एकमेकांत मिसळू नका, आग लागते किंवा स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, हार्डनर त्यानंतर.

नवा प्लाय बाहेरच्या थराला चिकटवताना दाट इपॉक्सी दाताळ्या पट्टीने पसरा आणि क्लॅम्प लावल्यावर ती चारही कडांनी बाहेर येते का पाहा. जिथे आली नाही तिथे पोकळी आहे. आतला कापलेला थर जोडताना कड तिरकी घासा आणि हा उतार जाडीच्या बारापट घ्या: 4 मिमीच्या थराला सुमारे 48 मिमी.

भोकं

एवढं सगळं नीट करून शेवटी मोटरचं भोक थेट प्लायमधून पाडलं तर सगळी मेहनत पाण्यात. 12 मिमीच्या बोल्टसाठी आधी 20 मिमीचं भोक पाडा. आत इपॉक्सी चोळा, बाहेरून टेप लावा, मग सिलिकाची पूड घालून घट्ट केलेल्या इपॉक्सीने ते पूर्ण भरा. दुसऱ्या दिवशी बरोबर मध्यावर 12 मिमीचं भोक घ्या. आता बोल्टभोवती 4 मिमीचं इपॉक्सीचं कडं आहे, सीलंट निकामी झालं तरी लाकडाला पाणी लागत नाही. सीलंट पॉलियुरेथेनचंच. सिलिकॉन लावलेल्या जागी पुढे ना रंग धरतो ना रेझिन.

तळाच्या ड्रेन प्लगच्या भोकालाही हीच पद्धत वापरा. पाणी तिथेच साचतं आणि कुजायला सुरुवातही बहुतेकदा तिथूनच होते. बोट शेडमध्ये ठेवताना नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, थोडी उंच ठेवा, प्लग काढून ठेवा आणि ताडपत्री अशी बांधा की खालून वारा खेळता राहील.