दमट उन्हाळ्यात उत्तरेकडचा बटाटा सांभाळताना

उत्तर फिनलंड आणि उत्तर स्वीडनमध्ये, म्हणजे ओउलू, लुलेओ, उमेओच्या आसपास भाड्याच्या वाफ्यावर भाजीपाला करणाऱ्या मराठी मंडळींसाठी हा जुलै-ऑगस्टचा सल्ला.

पावसाची रिपरिप लागली आणि दुपारपर्यंत पानं सुकली नाहीत, की आपण आधी किडी शोधू लागतो. डासांनी जीव नकोसा केलेला असतो, तेव्हा ते साहजिकच आहे. पण अशा हवेत पीक जातं ते बहुधा करप्याने, म्हणजे पानं काळी पाडून वाळवणाऱ्या रोगाने. आंबेगावच्या सातगाव पठारावर खरिपाचा बटाटा ज्यांनी पाहिलाय त्यांना हा उशिरा येणारा करपा नवा नाही. 10 ते 25 अंश तापमान आणि बराच वेळ ओलं राहिलेलं पान एवढं त्याला पुरतं. जूनअखेर ओउलूत दिवस सुमारे 22 तासांचा असला तरी क्षितिजाला टेकलेल्या सूर्यात ऊब नसते. दव सकाळपर्यंत तसंच राहतं.

सकाळी लवकर वाफ्यावर जा आणि खालची पानं उलटून बघा. पाण्यात भिजल्यासारखा गडद डाग आणि त्याच्या कडेला पांढुरकी लव दिसली तर तो करपाच. शंका असेल तर पान ओल्या कागदासोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत रात्रभर ठेवा. करपा असल्यास लव वाढते. डागात वर्तुळावर वर्तुळं असतील तर तो लवकर येणारा करपा, त्यात एवढी घाई नसते.

रोग थोड्याच झाडांवर असेल तर ती लगेच काढा. वाफाभर पसरला असेल तर जीव घट्ट करून सगळा पाला जमिनीलगत कापा आणि वाफ्याबाहेर न्या. उघड्या खताच्या ढिगावर टाकू नका. मग बटाटे जवळजवळ दोन आठवडे मातीतच राहू द्या. तोवर साल पक्की होते आणि मातीवर पडलेले रोगाचे बीजाणू, म्हणजे त्याचं धुळीसारखं बारीक बी, मरतात. काढणी कोरड्या दिवशी. त्याआधी, पीक वाढत असतानाच, वरंब्याला मातीची चांगली भर द्या, कारण पावसासोबत बीजाणू झिरपून कंदापर्यंत जातात. लॅपलंडचा लांबट पुइकुला आणि स्वीडनचा मांडेल हे बटाट्याचे वाण चवीला अप्रतिम, पण करप्याला नाजूक. त्यांच्याकडे जास्त लक्ष हवं.

भारतातून मॅन्कोझेब या बुरशीनाशकाची पुडी आणू नका. युरोपीय संघाने 2020 च्या अखेरीस त्याची मंजुरी वाढवायला नकार दिला, तिथे ते वापरणं बेकायदेशीर आहे.

आता किडी. जोराच्या पावसात मावा आणि कोबीवरच्या पतंगाच्या बारीक अळ्या धुऊन जातात. फुगलेला, तपकिरी पडलेला मावा पानाला चिकटून मेलेला दिसला तर त्याला बुरशीने मारलेलं असू शकतं. ती पानं तोडू नका, तिथून बुरशी बाकीच्या माव्यावर जाते. मात्र कोबीच्या बुंध्याशी अंडी घालणाऱ्या माशीला ओली माती मानवते, कारण कोरड्यात तिची अंडी सुकतात. कोबीवर माशी अडवणारी जाळी ठेवाच, पण कमानींवर उंच ताणून, पानांना टेकू न देता, म्हणजे वारा खेळेल.

बिनशंखाच्या गोगलगायी मात्र ओल्या वर्षी माजतात. संध्याकाळी हाताने वेचा, लोह फॉस्फेटच्या गोळ्या टाका, आणि पाणी द्यायचंच झालं तर सकाळी, मुळाशी. स्ट्रॉबेरीखाली पेंढा फळं धरल्यावरच पसरा. आधीपासून पसरलात तर गोगलगायींना आयतं घर मिळतं. पेंढ्यावर टेकलेलं फळ करड्या बुरशीपासून बरंच वाचतं.

काचघरातल्या टोमॅटोला सकाळीच हवा द्या, खालची पानं काढा. दमट हवेत परागकण चिकटून बसतात, म्हणून दुपारी फुलांचे घोस हलकेच हलवा.

पुढच्या वर्षासाठी घरचे बटाटे बेणं म्हणून ठेवू नका, प्रमाणित बेणं विकत घ्या. ओउलूच्या दक्षिणेला तिर्नावा आणि लिमिंका हा युरोपीय संघाने उच्च दर्जाच्या बेण्यासाठी मान्य केलेला पट्टा आहे, आणि आपल्या वाफ्यातला करपा वाऱ्यावर कुणाच्याही शेतात पोचू शकतो. या भागांत करप्याचे टिकाऊ बीजाणू मातीत हिवाळाही काढतात, म्हणून त्याच जागी बटाटा निदान तीन-चार वर्षं नको.