मोटर रिवाइंडिंगच्या (जळालेल्या मोटरीत नवी तार भरायच्या) दुकानात पोट्टा ठेवताना
आयटीआयचा 2 वर्षांचा इलेक्ट्रिशियन ट्रेड केलेला पोट्टा भेटला तर चांगलंच, पण सर्टिफिकेट पाहून लगेच ठेवू नका, जळालेली मोटर समोर टाका आन पहा, जुनी वाइंडिंग काढताना टर्न म्हणजे तारेचे वेढे मोजते का, तारेचा गेज म्हणजे जाडी मायक्रोमीटरनं पाहून वहीत लिहिते का. सरळ छन्नी हातोडी घेऊन बसला त्याले शिकवायले लय वेळ जाते बापा. मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावल्याबिगर मोटर गिऱ्हाइकाले द्यायची नाही, हे पहिल्याच दिवशी सांगा. नॅप्समध्ये, म्हणजे सरकारच्या अप्रेंटिस योजनेत, अप्रेंटिस म्हणून नोंदवला तर स्टायपेंडचा काही वाटा सरकार थेट त्याच्या खात्यात टाकते. आन हरभऱ्याच्या ओलितात मोटरी धडाधड येतात, नेमका तेव्हाच त्याले पुण्यातल्या कंपनीचा फोन येते, म्हणून पगार 1 तारखेलेच, सीझनमध्ये मोटरीमागं पैसे वेगळे.