मायग्रेनला हिरवा दिवा: घरी करून बघायचं असेल तर

डोकं ठणकायला लागलं की पडदे ओढायचे, कपाळाला ओढणी घट्ट बांधायची आणि अंधारात पडून राहायचं, हे मायग्रेनवाल्यांना शिकवावं लागत नाही. त्यामुळे उजेडानेच डोकेदुखी कमी होते असं कोणी म्हटलं तेव्हा मला वाटलं झालं, आला अजून एक व्हॉट्सअॅप फॉरवर्ड. पण नंतर वाचत गेले आणि बरंच काही हाती लागलं, म्हणून नीट लिहून ठेवतेय.

हे सुरू झालं अमेरिकेत, टूसॉनच्या अॅरिझोना विद्यापीठात. तिथले पेन स्पेशालिस्ट मोहाब इब्राहिम यांचा भाऊ डोकं दुखलं की गोळी घ्यायच्या ऐवजी झाडांमध्ये जाऊन बसायचा आणि त्याला बरं वाटायचं, त्यावरून यांच्या डोक्यात आलं की भानगड हिरव्या रंगाची तर नाही? मग २०१७ मध्ये छापून आलेल्या प्रयोगात उंदरांना रोज ८ तास असं ५ दिवस हिरव्या एलईडीच्या उजेडात ठेवलं, तर त्यांना दुखणं कमी जाणवायला लागलं, आणि दिवे बंद केल्यावरही हा परिणाम ४ दिवस टिकला. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांनी काही उंदरांना चक्क हिरव्या कॉन्टॅक्ट लेन्स घातल्या आणि साध्या उजेडात ठेवलं, तरी तोच परिणाम, आणि ज्यांना आरपार न दिसणाऱ्या लेन्स घातल्या त्यांना हिरव्या उजेडातही काहीच नाही. म्हणजे हे काम डोळ्यातून होतंय, कातडीतून नाही. (कंबरेवर हिरवा टॉर्च धरून बसणाऱ्यांनी नोंद घ्यावी.)

डोळ्यातून पुढे कुठे? मॉर्फिनचा असर उतरवणारं नॅलॉक्सोन दिलं की उंदरांचा हा आराम गायब व्हायचा, म्हणजे शरीर स्वतःचंच अफूसारखं वेदनाशामक वापरत होतं. २०२२ मध्ये शांघायच्या फुदान विद्यापीठातल्या लोकांनी उंदरांच्या मेंदूतली वायरिंगच दाखवली: डोळ्यातून सिग्नल थॅलॅमसच्या (मेंदूच्या आतलं सिग्नल पुढे पाठवणारं केंद्र) एका छोट्या भागात जातो, तिथल्या एन्केफॅलिनवाल्या (हेच ते शरीराचं अफूसारखं वेदनाशामक) पेशी जाग्या होतात आणि मेंदूच्या देठाकडे निरोप जातो की दुखण्याचा व्हॉल्यूम कमी कर.

माणसांवरचा अभ्यास इब्राहिम यांच्याच टीमचा, २०२० चा, फक्त २९ मायग्रेन पेशंट. आधी १० आठवडे पांढरा दिवा, मग १० आठवडे हिरवा, रोज १ ते २ तास. क्रॉनिकवाल्यांचे (म्हणजे ज्यांचं डोकं महिन्यातले निम्मे दिवस तरी दुखतं त्यांचे) महिन्याचे डोकेदुखीचे दिवस साधारण २२ वरून ९ वर आले. आकडा भारी आहे, पण आपल्याला कुठला दिवा मिळालाय हे पेशंटला दिसतंच ना, त्यामुळे मनाचा भाग किती हे त्यातून वेगळं काढता येत नाही. म्हणून मी म्हणते करून बघा, पण डोळे उघडे ठेवून, दोन्ही अर्थांनी.

आता करायचं कसं. गणपतीच्या डेकोरेशनचा हिरवा जिलेटिन कागद साध्या बल्बला गुंडाळू नका, त्यातून बाकीचे रंगही थोडेफार येतात आणि बल्ब तापला तर कागद वितळेल ते वेगळंच. हिरवीच एलईडी घ्या, वेव्हलेंग्थ लिहिलेली असेल तर ५२५ नॅनोमीटरच्या आसपास. रंग बदलणारी रिमोटवाली एलईडी पट्टी घरात पडली असेल तर तिचं हिरवं बटण दाबा, तेव्हा फक्त हिरवे एलईडी लागतात, चालेल. मात्र लुकलुकणारा मोड नको आणि दिवा मुळात थरथरतोय का तेही बघा, मोबाईलच्या स्लो-मोशनमध्ये शूट केलं की कळतं, कारण त्या थरथरीनेच अनेकांचं डोकं उठतं, मग करायला गेलो एक आणि झालं भलतंच.

बाकीचे दिवे बंद, टीव्ही बंद, मोबाईल लांब, नाहीतर त्याचा पांढरा उजेड सगळ्याची वाट लावतो. पट्टी एक-दोन मीटरवर भिंतीला लावा, तिच्याकडे टक लावून बघायचं नाही, डोळे उघडे ठेवून नुसतं त्या उजेडात बसायचं, गाणी ऐका, कागदी पुस्तक वाचा, लसूण सोला, पण झोपू नका. उजेड मंदच हवा, अभ्यासात १०० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) आत होता, मोबाईलमधलं लक्स मीटर अंदाजापुरतं पुरतं. आमच्याकडे पहिल्या दिवशी सासूबाई दारात येऊन म्हणाल्या, अगं हे काय, दर्ग्यात आल्यासारखं वाटतंय! आता त्याही येऊन बसतात, भाजी निवडायला.

वही मात्र आधी सुरू करा. निदान ४ आठवडे काहीही न बदलता लिहायचं: डोकं कधी दुखलं, दहापैकी किती, गोळ्या किती, झोप किती, पाळीची तारीख. मग दिवा सुरू करून १० आठवडे तसंच लिहायचं. आपल्याला शेवटचे दोन दिवसच आठवतात, त्यामुळे वहीशिवाय केलं तर काहीच कळणार नाही. गोळ्यांचा रकाना आणखी एका कारणासाठी हवा, साधी पेनकिलर महिन्यात १५ किंवा त्याहून जास्त दिवस, किंवा ट्रिप्टान (मायग्रेनच्या अटॅकसाठीची खास गोळी) १० किंवा जास्त दिवस असं महिनोन्‌महिने चाललं असेल तर गोळ्यांमुळेच डोकं दुखत असू शकतं, तो आकडा डॉक्टरांना दाखवा. रोजच्या प्रतिबंधाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका.

बायपोलरचा त्रास असेल, रेटिनाचा काही आजार असेल तर आधी विचारून घ्या. आणि एकदम वीज पडल्यासारखं डोकं दुखलं, बोलताना जीभ अडखळली, हात-पाय लुळा पडला किंवा तापाबरोबर मान आखडली तर दिवाबिवा काही नाही, तडक हॉस्पिटल.

चालू अटॅकमध्ये हा हिरवा उजेडही टोचत असेल तर सरळ अंधार करून पडा, वहीत तसं लिहा आणि दुसऱ्या दिवशी परत लावा. १० आठवड्यांनी वहीत फरक दिसला तर दोन आठवडे दिवा बंद ठेवून बघा काय होतं ते, आणि फरक दिसला नाही तर पट्टी काढून ठेवा, गणपतीला मखरात लागेलच.