आधी कान, मग पाना: स्पोर्ट्स कारचा एक्झॉस्ट कसा निवडावा

मी बदललेला पहिला सायलेन्सर बाहेर उभं राहून ऐकणाऱ्याला फार आवडायचा. गाडी दोन लिटरची, चार सिलिंडरची, बिनटर्बोची दोन-सीटर. बसवला त्याच दिवशी हायवेला लागलो, टॉप गिअर टाकला आणि २७०० आरपीएमला केबिनमध्ये असा घुमारा सुरू झाला की शेजारी बसलेल्या बायकोचं बोलणं ऐकू येईना. तासाभरात डोकं भणभणायला लागलं. ऑर्डर करण्याआधी मी त्या सायलेन्सरचे दहा-बारा व्हिडिओ पाहिले होते, पण ते सगळे गाडीच्या मागे फोन धरून काढलेले. फोनचा माइक खालचे सूर नीट पकडत नाही, वर मोठा आवाज स्वतःच दाबून टाकतो. मला ज्याचा त्रास झाला ते त्या व्हिडिओंत ऐकू येणं शक्यच नव्हतं.

म्हणून माझं सांगणं एकच आहे. ज्या आरपीएमवर तुमचा जास्तीत जास्त वेळ जातो, तिथला आवाज आधी पक्का करा, आणि तोही ड्रायव्हरच्या सीटवरून ऐकून. रेडलाइनजवळचा, म्हणजे इंजिनाच्या कमाल आरपीएमजवळचा, आवाज बहुतेक सगळ्या बऱ्या एक्झॉस्टना चांगलाच येतो.

हिशेब सोपा आहे. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा फायर होतो. २७०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ४५ फेऱ्या. चार सिलिंडर असतील तर सेकंदाला ९० ठोके पडतात, म्हणजे ९० हर्ट्झ. सहा सिलिंडरला त्याच आरपीएमवर १३५ आणि आठला १८०. बंद केबिनमधली हवा खालच्या सुरांना चटकन घुमते, त्यामुळे चार सिलिंडरवाल्यांना ड्रोनचा, म्हणजे या एकसुरी घुमाऱ्याचा, जाच जास्त. खरेदीआधी एक संध्याकाळ यासाठी काढा. काचा बंद, पंखा बंद, फोन सीटच्या हेडरेस्टला पक्का बांधलेला (खालचे सूर तो कमी पकडतो, म्हणून मुख्य भरवसा कानावर), आणि २००० पासून ३५०० पर्यंत दर दोनशे आरपीएमला दहा-दहा सेकंद स्थिर वेग. कुठल्या आरपीएमला घुमारा आला ते शेजारी कोणीतरी लिहून घ्यायला हवं, एकट्यानं हे करू नका. कंपनीच्या एक्झॉस्टवरसुद्धा एखाद्या आरपीएमला थोडा घुमारा मिळेल. नवीन एक्झॉस्टमध्ये बहुतेक तोच मोठा होतो.

आता इंजिनाचा मूळ गळा ओळखा, कारण एक्झॉस्टनं गळा बदलत नाही. क्रॉसप्लेन क्रँकच्या, म्हणजे ज्याचा फिरता दांडा टोकाकडून अधिक-चिन्हासारखा दिसतो अशा, व्ही८ मध्ये प्रत्येक बाजूच्या चार सिलिंडरचे ठोके सारख्या अंतरानं पडत नाहीत, त्यातून तो प्रसिद्ध गडगडाट येतो. फ्लॅटप्लेन, म्हणजे सपाट दांड्याच्या, व्ही८ मध्ये ठोके एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला असे नियमित पडतात, म्हणून फेरारीच्या व्ही८ चा सूर वर चढत जाणारा आणि टोकदार. सुबारूच्या जुन्या टर्बो बॉक्सर (आडवे, समोरासमोर सिलिंडर असलेल्या) इंजिनाचा ओळखीचा गुरगुराट तर हेडरच्या, म्हणजे सिलिंडरमधून वायू बाहेर आणणाऱ्या पहिल्या जोडाच्या, नळ्या असमान लांबीच्या असल्यामुळे येतो. सारख्या लांबीचा हेडर लावला की तो जातो आणि आवाज सरळ, गुळगुळीत होतो. हौसेनं महागडा हेडर लावून नंतर हळहळणारे लोक मी पाहिलेत. लेक्सस एलएफएचा ४.८ लिटरचा व्ही१० ज्यासाठी नावाजला गेला, तो आवाज इंजिन आखतानाच यामाहाच्या मदतीनं घडवला होता. तो चार सिलिंडरच्या गाडीतून काढायचा प्रयत्न केला तर पदरी फक्त कलकलाट येतो. आपल्या इंजिनात जे चांगलं आहे ते मोकळं करायचं आणि जे खटकतं ते दाबायचं, एवढंच काम हातात असतं.

बदल मागून पुढे करत जा. सगळ्यात आधी मागचा सायलेन्सर, म्हणजे ज्याला अ‍ॅक्सल-बॅक म्हणतात तो. त्यावर महिनाभर गाडी चालवा. मन भरलं नाही तर मधला पाइप आणि रेझोनेटर (ठरावीक सूर दाबणारा मधला छोटा डबा) धरून कॅट-बॅक, म्हणजे कॅटच्या (धूर शुद्ध करणाऱ्या कॅटलिटिक कन्व्हर्टरच्या) मागचं सगळं. हेडर सगळ्यात शेवटी. बहुतेकांचं समाधान पहिल्या पायरीवरच होतं.

सायलेन्सर आतून कसा आहे हे विचारल्याशिवाय घेऊ नका. चेंबरवाल्यात पत्र्याचे कप्पे असतात. आवाजाच्या लाटा त्यांवर आपटून एकमेकींना मारतात. यात खर्ज चांगला राहतो, पण काही डिझाइनमध्ये वाट अडते. सरळ आरपार वाट असलेल्यात मधून भोकाभोकांची नळी जाते आणि भोवती काचतंतू किंवा बसाल्टची लोकर ठासलेली असते. लोकर वरचे, कर्कश सूर छान शोषते, पण खालच्या सुरांपुढे तिचं फारसं चालत नाही. माझ्या ९० हर्ट्झचं मूळ नेमकं इथे होतं: डबा लहान, वाट सरळ आणि मधला रेझोनेटर काढून टाकलेला. डबा जितका लांब आणि पोट जितकं मोठं, तितका आवाज गोल. गाडीखाली मावेल तेवढा मोठा घ्या, लहान डबा फक्त वजनाला हलका.

रेझोनेटर काढू नका, हे मी मनापासून सांगतो. सहा सिलिंडरच्या इनलाइन इंजिनात तो काढला की वरच्या आरपीएमला पत्रा फाटल्यासारखी खरखर येते. तानपुऱ्याची जवारी बिघडली की जसा सूर फुटतो, तसं. ती खरखर नंतर सायलेन्सर बदलून जात नाही, पुन्हा रेझोनेटरच बसवावा लागतो.

माझा ड्रोन शेवटी गेला तो बाजूच्या बंद नळीनं. मुख्य पाइपाला एक फांदी जोडायची आणि तिचं टोक बंद करायचं. लाट आत जाते, टोकावर आपटून परत येते, आणि नळी त्या लाटेच्या पाव लांबीइतकी असेल तर परत येणारी लाट बरोबर उलटी पडून मूळ लाटेला मारते. लांबी काढायची तर आवाजाचा वेग भागिले चारपट फ्रीक्वेन्सी. गरम वायूत आवाज जास्त वेगानं जातो. १५० अंश सेल्सियसला तो सेकंदाला साधारण ४१० मीटर असतो, म्हणजे ९० हर्ट्झला नळी ११४ सेंटिमीटर. पण फांदीतला वायू नक्की किती गरम होतो हे कुणी आधी सांगू शकत नाही. म्हणून मी १२५ सेंटिमीटरची नळी इंग्रजी ‘J’ अक्षराच्या आकारात वाकवून घेतली, टोकाला आत सरकणारं झाकण क्लँपनं धरलं आणि दर वेळी दोन सेंटिमीटर आत ढकलून तोच रस्ता, तोच गिअर, तेच २७०० आरपीएम. चौथ्या फेरीत, ११७ सेंटिमीटरला, घुमारा असा उतरला की टायरचा आवाज ऐकू यायला लागला. मग झाकण वेल्ड केलं. वरच्या आरपीएमचा आवाज होता तसाच राहिला, कारण ही नळी मुख्यतः आपल्या सुराच्या आसपास काम करते.

कॅटला हात लावू नका. ते काढल्यावर आवाज मोठा होतो पण घाणेरडा होतो, पेट्रोलचा वास केबिनपर्यंत येतो, चेक इंजिनचा दिवा लागतो, आणि रस्त्यावरच्या गाडीसाठी ते जवळजवळ सगळीकडे बेकायदा आहे. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर फटाके वाजावेत म्हणून करून घेतात त्या ट्यूनिंगबद्दलही माझं मत वाईट आहे. न जळालेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन पेटतं आणि त्याची झळ कॅटला बसते.

पाइपाच्या जाडीचा मोह आवरा. बिनटर्बोच्या दोन लिटरला अडीच इंच पुष्कळ झालं. तीन इंचांनी आवाज पोकळ होतो आणि खालच्या आरपीएमची ओढ कमी होते. टर्बो गाडीचं वेगळं. तिथे टर्बाइन आधीच ठोके बोथट करते, त्यामुळे मोठा पाइप आवाजाला आणि ताकदीलाही मानवतो. दोन बाजूंचे पाइप असलेल्या व्ही इंजिनात दोन पाइप इंग्रजी H सारख्या आडव्या नळीनं जोडले तर खर्ज राहतो, X सारखे एकमेकांत मिळवले तर सूर चढा आणि गुळगुळीत होतो. धातूत ३०४ ग्रेडचं स्टेनलेस घ्या, ४०९ ग्रेडवर तांबूस गंज चढतो. टायटॅनियम वजनाला जवळपास निम्मं, पण पातळ पत्र्यामुळे आवाजात धातूची झणक येते. ती आवडते का, ते ऐकून ठरवा.

बजेट असेल तर व्हॉल्व्हवाला एक्झॉस्ट उत्तम. झडप बंद असताना शांत वाट, उघडली की मोकळी. पहाटे गल्लीतून निघणाऱ्याला त्याची किंमत कळते. झडपेची मोटर मात्र बदलून मिळते का, ते आधी विचारा.

आपल्या भागातली मर्यादा किती डेसिबल ते पाहून घ्या. उभ्या गाडीचा आवाज मोजायची आयएसओ ५१३० ही पद्धत घरीही जमते: मीटर एक्झॉस्टच्या तोंडापासून अर्धा मीटर, ४५ अंशाच्या कोनात. दहा डेसिबलची वाढ कानाला साधारण दुप्पट वाटते, म्हणून तीन-चार डेसिबलही कमी समजू नका.

बसवताना गाडी जॅकवर ठेवून खाली जायचं नाही, स्टँड हवेतच. सगळे क्लँप आधी सैल ठेवा, टोकापासून टोकापर्यंत पाइप रेषेत आणा, मग पुढून मागे आवळत या. स्टेनलेसचा दोन मीटर पाइप तीनशे अंशांनी तापला की जवळजवळ एक सेंटिमीटर लांब होतो. रबरी हँगरना तेवढी हालचाल आणि बंपरला तेवढी फट सोडा, नाहीतर तापल्यावर खडखड सुरू होते. थंड इंजिन चालू करून मागच्या तोंडावर कोणीतरी जाड कापड क्षणभर दाबून धरावं, तुम्ही सांध्यांवर साबणाचं पाणी मारा. बुडबुडे आले तर सांधा पुन्हा करा, कारण गाडीखालची गळती म्हणजे केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइड. हे सगळं मोकळ्या हवेत करायचं, बंद गॅरेजमध्ये नाही.

पहिल्या लांब फेरीनंतर गाडी पूर्ण थंड होऊ द्या आणि सगळे नट पुन्हा आवळा. माझे दोन सैल निघाले होते. लोकरीचा सायलेन्सर असेल तर पहिल्या काहीशे किलोमीटरांत आवाज थोडा खुलतो, म्हणून फांदीच्या नळीचं झाकण वेल्ड करायची घाई त्याआधी करू नका.