कोडिंग स्पर्धेआधी भाषेचे नियम बघा

कॉलेजात पायथन शिकवतात म्हणून स्पर्धेतही तेच धकून जाईल, असं गृहीत धरू नका. कॉलेजच्या संघांच्या आयसीपीसी या जागतिक स्पर्धेला सी, सी++, जावा, पायथन, कोटलिन चालतात. शाळकरी मुलांच्या आयओआय या आंतरराष्ट्रीय स्पर्धेला मात्र आता फक्त सी++.

आणि भाषा चालते म्हणजे उत्तर वेळेत बसतं, असंही नाही. ढोबळ हिशेब: सेकंदाला सी++ साधारण १० कोटी साध्या क्रिया उरकतं, पायथन १ कोटीच्या आसपास. ५,००० आकड्यांवर दुहेरी लूप म्हणजे अडीच कोटी फेऱ्या. सी++ सहज निघून जातं, पायथन सकाळच्या डोंबिवली लोकलसारखं दारातच अडकतं. पायथनच घ्यायचं असेल तर पायपाय (तोच पायथन कोड वेगाने चालवणारी प्रणाली) मिळतं का ते बघा, आणि वाचायच्या माहितीच्या ओळी लाखभर असतील तर ‘इनपुट’ऐवजी ‘सिस.एसटीडीइन’ने वाचा.

सी++वाल्यांनी हुरळून जाऊ नये. ‘इंट’, म्हणजे पूर्णांकाचा नेहमीचा प्रकार, सुमारे २१४ कोटींवर फुटतो, तोही मुकाट्याने: चूक न दाखवता उत्तर चुकतं. माझं दादरच्या एका कॉलेजातलं पहिलं बक्षीस तिथेच गेलं; मोठ्या आकड्यांसाठीचं ‘लाँग लाँग’ लिहायचं राहिलं होतं. पायथनमध्ये ही डोकेदुखीच नाही.

आयसीपीसीत तिघांत एकच संगणक असतो, म्हणून तिघांनाही वाचता येईल अशी भाषा ठरवा.