गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘मुलं पळवणारी टोळी’ आली की ॲडमिनने काय करायचं

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याच्या आठवडी बाजारात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठार मारलं. टोळीचे मेसेज त्या भागात आधीपासून फिरत होते. म्हणजे थांबवायची वेळ मेसेज येतो तेव्हाचीच.

आधी पाठवणाऱ्याचं नाव आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, पोलिसांना लागतो. मग मेसेज दाबून धरून ‘सर्वांसाठी हटवा’ करा आणि सेटिंगमध्ये जाऊन मेसेज पाठवण्याची मुभा फक्त ॲडमिनला ठेवा. ‘खरं आहे का?’ असं विचारत तोच व्हिडिओ पुढे ढकलणारेही अफवाच पसरवतात.

मेसेजच्या वर दुहेरी बाण (‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ ही खूण) दिसला तर तो बऱ्याच हातांतून आलाय. बाण नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. व्हिडिओ डाउनलोड करून पुन्हा टाकला की खूण जाते. २०१८मध्ये व्हॉट्सॲपने भारतात मेसेज एका वेळी पाचच चॅटना पुढे पाठवायची मर्यादा घातली खरी, पण पाच मोठे ग्रुप म्हणजे अर्धा तालुका झाला.

व्हिडिओ पाटी, गाडीचा नंबर किंवा दुकान दिसेल तिथे थांबवा, दोन-तीन स्क्रीनशॉट फोटोवरून शोध घेणाऱ्या गूगल लेन्सला द्या. शेवट कापलाय का, तेही बघा. २०१८मध्ये खूप फिरलेला, मोटारसायकलवाले मूल उचलून नेतात तो व्हिडिओ कराचीतल्या जनजागृतीच्या फिल्मचा होता. मूळ फिल्ममध्ये ते मूल परत आणून सोडतात. नेमकं तेवढंच कापलं होतं. आवाजी मेसेज असा शोधता येत नाही. त्यात गाव, तारीख, पोलीस ठाणं सांगितलंय का ते ऐका आणि त्या ठाण्याला फोन लावा.

खुलासा त्याच ग्रुपवर टाका, मूळ व्हिडिओ न जोडता: ‘आज सायंकाळी ५ वाजता पोलीस ठाण्यात विचारलं. मूल पळवल्याची एकही तक्रार नाही.’ गावच्या बोलीत रेकॉर्डही करा. बरेच जण वाचत नाहीत, ऐकतात.

अनोळखी माणूस गावात आलाच असेल तर त्याचा फोटो ग्रुपवर टाकू नका. ११२ लावा, पोलीस पाटलाला बोलवा. ‘चौकशीसाठी’ खोलीत कोंडून ठेवणं सगळ्यात घातक. राईनपाड्यात ग्रामपंचायतीच्या खोलीतच मारहाण झाली. चार वडीलधारी सोबत देऊन त्याला गाडीतून बाजाराबाहेर काढा.